पाचोळ्याला काडी कोणी लावली?

वाळलेली पाने जाळायची नाहीत, हे या देशाच्या नियमांत २००० सालापासून लिहिलेले आहे, आणि तेही मोघम नाही, पानांचे नाव घेऊन. त्या वर्षी केंद्र सरकारने नागरी घनकचऱ्याचे नियम काढले आणि त्यांच्या दुसऱ्या परिशिष्टात कचरा व वाळलेली पाने जाळू नयेत असे स्वच्छ नमूद केले. २०१६ साली दुसरे नियम आले. त्यांनी घरमालकाला बजावले की बागेतला पाला वेगळा ठेव आणि आपल्याच आवारात ठेव. महापालिकेला बजावले की उद्यानांतला पाला वेगळा गोळा कर आणि होईल तेवढा उद्यानातच जिरव. त्याच वर्षी २२ डिसेंबरला अल्मित्रा पटेल यांच्या गाजलेल्या खटल्यात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला सरसकट बंदी केली आणि दंडाची रक्कमही ठरवून दिली: किरकोळ जाळणाऱ्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,०००. एवढे सगळे कागदावर असताना माघ-फाल्गुनात पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोणत्याही शहरातल्या झाडांच्या वसाहतीत सकाळी सातला खिडकी उघडून पाहा. आधी नाकात धूर जातो, मग डोळ्यांना उजेड दिसतो!

मग काडी कोण लावते? विचारत सुटा, म्हणजे या शहरांचा कारभार कसा चालतो तेही कळेल. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, आम्ही पाला गेटाबाहेर काढून ठेवतो, पुढचे महापालिका बघेल. महापालिकेचे घनकचरा खाते म्हणते, झाडे उद्यान खात्याची, तेव्हा पालाही त्यांचाच. उद्यान खाते म्हणते, आमचा तो बागेतला. रस्त्यावर पडला की आरोग्य निरीक्षकाचा. वीज कंपनीची माणसे वीज बंद ठेवण्याच्या वारी येतात, तारांखालच्या फांद्या सपासप उतरवतात आणि शिडी खांद्यावर टाकून चालती होतात. छाटणे आमचे काम, उचलणे आमचे नाही, हे त्यांचे ठरलेले उत्तर. घंटागाडीचा चालक लांबूनच हात हलवतो, कारण त्याच्या गाडीला ओला आणि सुका असे दोनच कप्पे आहेत आणि तिसऱ्या प्रकारासाठी त्याला कोणी ना जागा दिली, ना माणूस. वृक्षारोपणाचा फोटो जुलैत काढून घेणारे नगरसेवक फेब्रुवारीत, तेच झाड पाने टाकते तेव्हा, फोन उचलत नाहीत. एकेकाने हात झटकत झटकत शेवटी हे सगळे जिच्या अंगावर येते, ती पहाटे साडेपाचला तोंडाला स्कार्फ बांधून रस्त्यावर उतरलेली कंत्राटी झाडूवाली बाई.

तिच्या जागी उभे राहून एकदा बघाच. तिच्या वाट्याच्या रस्त्याला दुतर्फा पेल्टोफोरम आणि वर्षावृक्ष. ही झाडे मोठी पाने टाकत नाहीत, चिमटीत मावतील अशा बारीक पानांचा चुरा पाडतात. रात्रीच्या दवाने तो डांबराला चिकटतो आणि खराट्याच्या एका फटक्यात निघत नाही. ती तो ओढत ओढत भिंतीच्या कडेला आणते. भरायला पोती नाहीत. ढकलगाडी आहे, तिचे एक चाक वाकडे आहे. साडेसातला मुकादम मोटारसायकलवरून येतो, गाडी बंद न करताच सांगतो, "मावशी, आज ट्रक नाही. साहेब नऊला राउंडला येणार, तेवढं उरकून घ्या." जाळा असे तो म्हणत नाही, म्हणायची गरजच नाही. ढिगात गुटख्याच्या पुड्या असतात, दुधाच्या पिशव्या असतात, कोणी तरी कागदात गुंडाळून फेकलेले डायपर असते. सगळे मिळून पेटते, आणि पहिला धूर तिच्याच छातीत जातो. मग कोणी तरी जागरूक नागरिक तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाइलवर फोटो काढतो आणि दंडाची पावती फाटलीच तर तिच्या नावे फाटते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची ही कायदेशीरता आम्हाला मान्य नाही. जिला पोते दिले नाही, ट्रक दिला नाही आणि नऊपर्यंत रस्ता चकचकीत करायचा हुकूम मात्र दिला, तिच्या हातातली काडी तुमची आहे.

तिच्याहून मोठा अपराधी फाटकाच्या आत राहतो. रविवारी माळीबुवा येतात, आंब्याखालचा, फणसाखालचा, चाफ्याखालचा पाला मागच्या कोपऱ्यात लोटतात आणि मालकांच्या सांगण्यावरून संध्याकाळी रॉकेलचा एक शिडकावा मारून जातात. हेच मालक दिवाळीनंतर दिल्लीच्या धुराच्या बातम्या चवीने वाचतात आणि पंजाबच्या शेतकऱ्याला नावे ठेवतात. अहो, त्या शेतकऱ्याला भात काढून गहू पेरायला मोजके दिवस हातात असतात, मजूर मिळत नाहीत, यंत्राचे भाडे परवडत नाही. तरीही त्याने काडी लावू नये असे आम्ही म्हणतो. आपल्याकडच्या उसवाल्यालाही कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे की पाचट जाळू नका, सरीत कुजवा. आणि कितीतरी शेतकऱ्यांनी ते ऐकलेही. तुम्हाला कसली घाई होती? तुमच्या हिरवळीवर सोमवारी सकाळी कोणता गहू पेरायचा होता?

पुढचा अंक आणखी बहारदार. पाला जाळून झाला की हेच गृहस्थ नर्सरीत जातात आणि गांडूळखताची पिशवी, नारळाच्या भुशाची वीट आणि 'सेंद्रिय' असे ठळक छापलेली आणखी एक पिशवी विकत घेऊन येतात. झाडाने वर्षभर जमिनीतून जे उचलले ते त्याने पायाशी परत आणून ठेवले होते, फुकट. ते जाळले, आणि त्याचाच कुठला तरी लांबचा भाऊबंद पैसे मोजून डिकीतून आणला. याला व्यवहार म्हणतात की वेड? काहींची तर त्याही पुढे मजल जाते. अंगणाला फरशी, झाडाच्या बुंध्याशी गळपट्ट्यासारखे काँक्रीट, गच्चीवर प्लास्टिकचे हिरवे गवत, आणि वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज: झाडाचा कचरा फार होतो, तोडायला परवानगी मिळावी. महाराष्ट्रात शहरांतली झाडे वाचवण्यासाठी १९७५ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. पान टाकणे हा त्या कायद्यात झाडाचा गुन्हा धरलेला नाही, एवढे तरी अर्जदारांनी लक्षात घ्यावे.

धुराबद्दल थोडे. पाल्याचा ढीग सहसा भडकून जळत नाही, तो धुमसतो. आत ओल, वर राख, हवा पुरेशी नाही. म्हणून जळण अर्धवट होते आणि अर्धवट जळणातूनच सर्वांत घातक ऐवज बाहेर पडतो: कार्बन मोनॉक्साइड, कर्करोगाशी नाते असलेली बेंझोपायरीनसारखी संयुगे, आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे सूक्ष्म कण. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत अडकून राहते, त्यामुळे हा धूर वर जात नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी घुटमळत राहतो. २०१९ साली केंद्राने हवा सुधारण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम काढला तेव्हा हवेच्या गुणवत्तेची पातळी न राखणाऱ्या शहरांची यादी झाली, आणि त्या यादीत सर्वांत जास्त शहरे महाराष्ट्राची निघाली. नंबर पहिला! या कार्यक्रमाच्या काळात रस्ते झाडायची यंत्रे आली, पाण्याचे तुषार उडवणाऱ्या तोफा आल्या. एका गल्लीत तोफ तुषार उडवते आहे आणि पलीकडच्या गल्लीत पाला धुमसतो आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते यापेक्षा निराळे काय असते?

डासांसाठी धूर करतो, असेही एक उत्तर ऐकायला मिळते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तुमच्या कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याला कोपऱ्यातल्या धुराचे काही वाटत नाही. वाटते ते शेजारच्या दमेकऱ्याला. आणखी कोणी म्हणेल, कोकणातला शेतकरी राब भाजतोच की, आणि राखही खतच. राब भाजतात तो रोपांच्या वाफ्यावर. त्यात तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते आणि राख त्याच मातीत राहते. त्या पद्धतीचे गुणदोष हा वेगळा वाद आहे. तुमची राख मात्र डांबरावर पडते आणि पहिल्या वळवाबरोबर गटारात जाते. तिच्यात पोटॅश आणि चुना उरतो हे खरे. नत्र आणि कर्ब तर केव्हाच आभाळात गेलेला असतो.

"आम्ही जाळत नाही हो, सरळ गाडीत टाकतो," असे म्हणणाऱ्या सज्जनांनीही खुशीत राहू नये. ती गाडी कुठे जाते? मुंबईचा कचरा देवनारला १९२७ पासून पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे जी आग लागली तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि गोवंडी-मानखुर्दची पोरे कित्येक दिवस खोकत राहिली. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीने किती वर्षे सोसला आणि किती वेळा रस्त्यावर बसून गाड्या अडवल्या, हे पुणेकरांनी विसरायचे ठरवले असले तरी तिथल्या विहिरींनी विसरलेले नाही. पाला अशा डोंगराच्या पोटात दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो, आणि कचऱ्याचे डोंगर आतल्या आत पेटतात ते यामुळेच. म्हणजे तुम्ही काडी लावली नाही, फक्त काडीची जागा बदलली. ती दुसऱ्याच्या गावाला नेऊन लावली.

आता मूळ दुखण्यावर बोट ठेवू या, कोणाला झोंबले तरी चालेल. आपल्याकडे स्वच्छतेचा अर्थ एकच: माझ्या उंबऱ्यापासून घाण नजरेआड व्हावी आणि ती दुसऱ्या कोणी तरी करावी. त्या दुसऱ्याची जात हजार वर्षे ठरलेली होती. आज तिला कंत्राट म्हणतात. कुजणे या क्रियेची आपल्याला किळस आहे, आग मात्र पवित्र. म्हणून पाला पेटवताना मनाला काही लागत नाही आणि तोच पाला कोपऱ्यात कुजत ठेवा म्हटले की वहिनींपासून आजोबांपर्यंत सगळ्यांची नाके मुरडतात. ज्या गाडगेबाबांनी गावोगाव आधी खराटा चालवला आणि मग कीर्तन केले, त्यांच्या नावाने आपण अभियाने काढली, बक्षिसे वाटली. खराटा मात्र दुसऱ्याच्याच हातात ठेवला. आणि त्या खराट्याने गोळा झालेल्याचे पुढे काय, हा प्रश्न बक्षीस समारंभात कोणी विचारत नाही.

कुजण्याला कमी लेखण्याइतके आपण अडाणी पूर्वी नव्हतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरच्या झाडांची पाने, फुले, मेलेले किडे कुजून त्यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरत असे आणि ती देणगी बंद पडल्याने जमिनी कशा नापीक झाल्या, हे त्यात त्यांनी सांगितले आहे. पाचोळ्याचे अर्थशास्त्र त्या माणसाला सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. पुढे होळकरांच्या इंदुरात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी जी खत करायची पद्धत बसवली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. तिची मांडणी करणारे पुस्तक १९३१ साली निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती, राख यांचे थर लावायचे, तीनदा ढीग उलटायचा आणि साधारण तीन महिन्यांत खत काढायचे. आज विलायतेतले बागवाले ज्या ढिगाचे कौतुक करतात त्याची मुळे माळव्यात आहेत आणि हॉवर्ड यांनी इथल्या शेतकऱ्याला गुरू मानल्याचे लपवलेले नाही. आणखी जवळचे नाव हवे तर कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर. 'प्रयोग परिवार' या आपल्या चळवळीतून त्यांनी द्राक्षबागाईतदारांपासून गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाचोळ्यातून माती करायला शिकवले. मुंबईच्या गच्च्यांवर आजही त्यांच्या रीतीने वांगी-टोमॅटो पिकतात. एवढा वारसा उशाशी असताना आम्ही काडेपेटी शोधतो!

करायचे काय असते, तेही सांगून टाकू. नंतर कोणी माहिती नव्हती म्हणायला नको. पक्ष्यांच्या पिंजऱ्याला लावतात ती तारेची जाळी घ्यावी, चार फूट उंच, आणि गोल वळवून चार फूट रुंदीचा पिंजरा करावा. भिंतीपासून हातभर लांब, मातीवर ठेवावा, फरशीवर नको. त्यात पाला भरत जावा, अधूनमधून पाणी शिंपावे, शेणकाला मिळाला तर घालावा, नसेल तर आंबट ताक चालते. एकदा आत उतरून पायाने तुडवावा. मुलांना हे काम फार आवडते. नुसत्या सुक्या पाल्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी, म्हणून तो सावकाश कुजतो, सहा महिने ते वर्ष घेतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे नेमके उलटे: नत्र भरपूर, पाणी भरपूर, हवा नाही, म्हणून त्याला वास सुटतो. दोन्ही एकत्र करा, ओल्याचा एक थर आणि त्यावर पाल्याचे दोन-तीन, कर्ब-नत्राचे प्रमाण तीसास एकच्या आसपास आले की ढीग पेटल्याशिवाय तापतो. मधोमध हात घालवत नाही, पन्नास-साठ अंशांपर्यंत उष्णता जाते. थंडीच्या सकाळी उलटला तर वाफ निघते. पानांच्या पाठीवर बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले दिसतात. मूठभर घेऊन पिळावे: थेंब-दोन थेंब पाणी आले तर ठीक, धार लागली तर कोरडा पाला मिसळावा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे. गळ्यापर्यंत भरलेला पिंजरा महिन्या-दोन महिन्यांत गुडघ्यापर्यंत बसतो, म्हणजे पुढच्या पाल्याला जागा आपोआप होते. अशोकाची पाने मेणचट, ती चुरून घालावीत किंवा त्यांच्याकडून वर्षभराची वाट पाहावी. नारळाच्या झावळ्या आणि मनगटाएवढ्या फांद्या पिंजऱ्याचे काम नाही, त्यांना कुट्टी यंत्रच लागते.

कधी तरी ढीग उलटताना जाड, पांढरी, वळलेली अळी निघते आणि "हुमणी, हुमणी!" असा ओरडा होतो. तिला फरशीवर ठेवून पाहावे. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली तर ती फुलांवर येणाऱ्या भुंग्याची अळी, कुजलेलेच खाते, मुळांना तोंड लावत नाही. पुन्हा ढिगात सोडून द्यावी. कोकणात नारळाच्या बागा असतील तिथे मात्र गेंड्या भुंगा अशाच ढिगात वाढतो, तेव्हा ढीग वरचेवर उलटून त्याच्या अळ्या वेचल्याच पाहिजेत. सापाची भीती घालणारे बरेच भेटतात. साप पाल्यासाठी येत नाही, उंदरासाठी येतो, आणि उंदीर उघड्यावर टाकलेल्या शिळ्या भातासाठी येतो. भात पाल्याखाली झाकला की हा प्रश्न बराचसा मिटतो.

पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाची एक खटपट अशाच एका साध्या हिशेबावर उभी राहिली. अदिती देवधर यांनी ती सुरू केली. ज्याच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्याला पाला हवा आहे, त्या दोघांची गाठ घालून द्यायची. सोसायटीने पोती भरून ठेवावीत, गच्चीवर बाग करणाऱ्याने येऊन न्यावीत. शहरात पाला मागून नेणारी माणसे आहेत, हेच आधी कोणाला पटले नसते. कोकणात मात्र याचे कोणाला आश्चर्य वाटणार नाही. तिथे पातेरा गोळा करायला बायका डोक्यावर डालगी घेऊन रानात जातात, गोठ्यात गुरांखाली तो अंथरतात, मग तोच खतात जातो. दुसऱ्याच्या बागेतला पातेरा न विचारता उचलला तर भांडण होते.

आता परदेशाचे दाखले आवडणाऱ्यांसाठी एक. न्यू जर्सीने १९८८ साली झाडांची पाने कचराभूमीत टाकायला बंदी केली. तिथल्या एडिसनमध्ये आपली मराठी माणसे गल्लोगल्ली आहेत. पानगळ सुरू झाली की हाच आपला भाचा, हीच आपली पुतणी, नगरपालिकेने दिलेल्या तारखेला, सांगितलेल्या पद्धतीने पाने रस्त्याकडेला ठेवतात. प्लास्टिकचा एक तुकडा मिसळत नाहीत. जर्मनीने २०१५ पासून कुजणारा कचरा वेगळा गोळा करणे देशभर सक्तीचे केले. ही मंडळी आपल्यापेक्षा सद्गुणी आहेत असे आम्ही मुळीच मानत नाही. फुंकणी यंत्राने तासभर गोंगाट करून दहा पाने हाकलणारा अमेरिकन शेजारी ज्याने पाहिला आहे त्याला ते कोणी पटवूही शकणार नाही. त्यांच्याकडे तारीख ठरलेली आहे, गाडी त्या तारखेला येते आणि चुकले तर पावती घरी येते. तोच भाचा डिसेंबरात कोथरूडला आला की मामाच्या बागेतल्या धुराशेजारी उभा राहून चहा पितो. भाचा तोच आहे, व्यवस्था बदलली.

म्हणून आमचा रोख व्यवस्थेवर आहे. पानगळ दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात येते. तिचा ना आचारसंहितेशी संबंध, ना निविदेशी. मग दरवर्षी ती अचानक आल्यासारखी महापालिकेची धावपळ का उडते? प्रत्येक प्रभागाला आठवड्याचे दोन वार ठरवा आणि त्या वारी फक्त पाला-फांद्यांची तिसरी गाडी फिरवा. तिचे वार घंटागाडीवर आणि सोसायटीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. पाला जुन्या पोत्यांत, फांद्या चार फुटांच्या मोळ्यांत. प्लास्टिक सापडले तर पोते तिथेच सोडा. हे काम पुण्यातल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांच्या ढकलगाडीवर लादायचे नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांसारख्यांनी त्या बायकांना माणूस म्हणून ओळख मिळवून दिली, आणि त्याच बायकांनी पुण्याला ओला-सुका वेगळा करायला शिकवले. त्यांच्या पाठीवर आता झावळ्याही टाकाल तर ते पाप कुठल्या करसवलतीने धुतले जाणार नाही.

करसवलतीचा विषय निघालाच आहे. गांडूळखताचा प्रकल्प केला की पुण्यात मालमत्ता करात सूट मिळते. कित्येक सोसायट्यांत त्या प्रकल्पाचा हौद आज सिमेंटची रिकामी पोती आणि मोडक्या सायकली ठेवायला वापरतात. सूट मात्र चालू. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी आपला कुजणारा कचरा होईल तेवढा आपल्याच आवारात जिरवावा, हे २०१६ च्या नियमांनी सांगितले होते. ज्या हौदात गांडूळ नाही त्याची सूट त्याच महिन्यात काढा, आणि मागची वसूल करा. दोन चेअरमन ओरडले की तिसरा आपोआप पिंजरा बांधतो.

फांद्यांसाठी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाला एक फिरते कुट्टी यंत्र लागते. पाणी उडवणारी नवी तोफ घ्यायला पैसे निघत असतील तर यालाही निघतील. वीज कंपनीने छाटलेली फांदी चोवीस तासांत उचलायची जबाबदारी कोणाची, हे एका पानाच्या करारात लिहून घ्या आणि ते पान जाहीर करा. तयार झालेल्या खताचे करायचे काय, असा प्रश्न विचारून घोंगडे भिजत ठेवू नका. राज्याच्या कित्येक जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला आहे. मुळशी, हवेली, पुरंदरचा शेतकरी चांगले, काचा-प्लास्टिक नसलेले खत नाकारणार नाही. शहरांच्या खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' असे नाव सरकारने देऊन ठेवलेच आहे. नाव तयार, गोणी तयार. आत घालायचे तेवढे रोज सकाळी जळते.

झाडूवालीला पोती द्या, धड चाकांची गाडी द्या, आणि मुकादमाच्या वहीत रस्ता किती वाजता चकचकीत झाला याऐवजी किती पोती भरली याची नोंद ठेवा. ज्या आरोग्य निरीक्षकाच्या हद्दीत आग दिसेल त्याच्या नावे पहिली पावती, सोसायटीच्या आवारात दिसली तर चेअरमनच्या नावे दुसरी. झाडूवालीच्या नावे एकही नाही. लवादाने ठरवलेले २५,००० कोणाकडून एकदाही वसूल झाले असतील तर आयुक्तांनी ती पावती फ्रेम करून दालनात लावावी, आम्ही येऊन फोटो काढून छापू.

आणि सुरुवात कुठून करायची असे आयुक्त विचारत असतील तर पत्ता आमच्याकडे तयार आहे. त्यांनी उद्या सकाळी साडेसहाला, मोटार आणि मागेपुढे करणारे दोन अधिकारी घरी ठेवून, महापालिकेच्याच कोणत्याही मोठ्या उद्यानाच्या मागच्या भिंतीकडे चालत जावे. माळ्याच्या खोलीच्या बाजूला, मोडक्या घसरगुंडीच्या आड, जमिनीवर काळे वर्तुळ पडलेले असेल आणि भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत काजळलेली असेल. जमिनीला हात लावून पाहावा. राख गरम लागली तर खिशातले पावतीपुस्तक काढावे आणि २५,००० रुपयांच्या पहिल्या पावतीवर नाव घालावे: महापालिका आयुक्त.